मास्तरांनी शिकवलेली माफी

माफी कशी असावी, या विषयावर टलॉक मास्तर न थांबता दीड तास बोलू शकत. अट एकच, ती दुसऱ्या कुणीतरी मागायची असली पाहिजे. सध्या ती लंडनने मागायची होती, त्यामुळे मास्तर अगदी फॉर्मात होते. गुलामगिरीच्या भरपाईबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला राजधानी किंग्स्टनहून समिती आली होती, आणि चर्चच्या हॉलमध्ये गावातर्फे बोलायला मास्तरांशिवाय दुसरं होतं कोण? निदान मास्तरांना तरी कुणी सुचत नव्हतं.

घसा साफ करून ते उभे राहिले आणि पहिल्याच रांगेत त्यांना धाकटी बहीण दिसली. शेजारच्या घरात राहूनही तीन वर्षं त्यांच्याशी एक अक्षर न बोललेली इसिल्डा. येत्या रविवारी ती बर्मिंगहॅमला मुलीकडे निघाली होती, कायमची. मास्तरांनी नजर घाईने मागच्या रांगांकडे वळवली.

भांडणाचं कारण गावाला पाठ होतं. इसिल्डा जन्मली तेव्हा बापाने तिची नाळ अंगणात पुरून वर नीरफणस लावला होता. आमच्या जमैकात अशा झाडाला दुसरा कुणी हात लावत नाही. ती इंग्लंडात नर्स म्हणून तीस वर्षं लोकांची दुखणी काढत होती, तेव्हा मास्तरांनी गाडी घेतली, गाडीला सावली हवी म्हणून ते झाड पाडलं आणि तिथे पत्र्याची शेड ठोकली. तीन वर्षांपूर्वी इसिल्डा परत आली, तेव्हा झाडाच्या जागी तिला ती शेड दिसली. सावलीसाठी सावलीचं झाड पाडणाऱ्या माणसाच्या हाताखाली आपण शिकलो, हेही गाव विसरलं नव्हतं.

तरी मास्तर बोलले, आणि बरं बोलले.

"खेद म्हणजे माफी नव्हे. खेद पाऊस पडला तरी वाटतो. काय केलं ते नाव घेऊन सांगा. तेव्हाचा काळ वेगळा होता, असलं काही सांगू नका. आणि माफी मागणाऱ्याने समोरच्याकडून काही मागायचं नाही, क्षमासुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. मास्तरांना स्वतःचं कौतुक वाटलं. ही त्यांची जुनी खोड.

पास्टरबाईंनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तशी इसिल्डा उठली.

"लंडनकडचं मागणं बरोबरच आहे. माझी सही पहिली घ्या," ती म्हणाली. "पण रॅनी, तूच उभा राहिलास म्हणून विचारते. माझ्या झाडाचं काय?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "झाल्या प्रकाराबद्दल मला मनापासून खेद..."

"खेद नको, मास्तर," मागून रमच्या दुकानाचा मालक विल्मॉट म्हणाला. "आत्ताच शिकवलंत."

"झाडही जुनं झालं होतं. शिवाय तेव्हाची परिस्थिती..."

"काळ वेगळा होता म्हणायचं नाही," दोन बायका एकदम म्हणाल्या.

"आता आपण सगळ्यांनीच पुढे बघायला..."

"हे तर लंडनचंच उत्तर वाचतायत," विल्मॉट म्हणाला, आणि हॉल खो खो हसला.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. शत्रूची बाजू आपल्याला इतकी तोंडपाठ असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. सगळे हसत होते, इसिल्डा मात्र हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. मास्तर तिच्याकडे वळले. मोठी लाज वाटली त्यांना, आणि या वेळी ती लोकांची नव्हती.

"इसी, तुझं झाड मी तोडलं. दर रविवारी तुझा फोन यायचा, तरी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. लबाडी केली. चुकलो मी."

आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण करून ते खाली बसले.

"ऐकलं," इसिल्डा म्हणाली. "आणि शेड?"

"पाडतो."

"आज."

"आज."

तासाभरात मास्तर इस्त्रीच्या पँटीत शिडीवर चढले होते, आणि समितीसकट निम्मं गाव खालून सल्ले देत होतं. इसिल्डाने घरातून खुर्ची आणली आणि ती बरोबर समोर मांडून बसली.

"डावीकडचा खिळा आधी काढ," ती म्हणाली.

आता जाणार नाहीस ना गं, हे मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोरच्याकडून काही मागायचं नाही, असं तेच भर हॉलमध्ये सांगून बसले होते. त्यांनी ते शब्द गिळले आणि डावीकडचा खिळा उपटायला घेतला.