केदारीनं जोडलेला पदर

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा मांडीवर ठेवा. वडगावच्या विणकर गल्लीतल्या एका पदराची गोष्ट सांगायची आहे.

साथीचा ताप आला होता ते साल, एकोणीसशे अठरा. नवरात्र बसलं आणि यमनाप्पाची बायको बायाक्का अंथरुणाला खिळली. यमनाप्पानं गल्लीतल्या देवीपुढं डोकं टेकलं. "आई, हिला ठेव. अष्टमीला माझ्या मागावरचं लुगडं तुला नेसवीन." नवस बोलून तर बसला, पण विणकराच्या घरची रीत अशी, की माग पुरुषानं चालवायचा आणि पदराचे दोरे लुगड्याच्या दोऱ्यांना जोडायचे ते घरच्या बाईनं, फाशात फासा अडकवत. एकानं दोरा पुढं करायचा, तिनं अडकवायचा. आणि त्या आठवड्यात गल्लीत धड उभी राहील अशी बाई कुठल्या घरात उरली होती?

सप्तमीच्या सकाळी शेजारचा केदारी दारात आला. हाही विणकरच, यमनाप्पाचा बालपणापासूनचा सोबती. देवळातल्या कीर्तनाला मृदंग त्याचा. एक दिवस कधी चुकला नव्हता.

"सरक रं. तू दोरा दे, मी अडकवतो."

"आन् कीर्तन?"

"बुवा आज टाळ्यांवर भागवतील. देवी काय पळून जातीया व्हय?"

"घरात ताप हाय, केदारी."

"ठाव हाय. दोरा दे."

बायाक्का पडल्या पडल्या बघत होती. "भावजी, थाप न्हाय मारायची, दोरा हाय त्यो!" खोकता खोकता ती हसली. किती दिवसांनी यमनाप्पाला ते हसू ऐकू आलं!

दुपारपर्यंत जोडणी झाली. यमनाप्पा मागाच्या खड्ड्यात उतरला. वीतभर पदर विणला आणि त्याचे पाय थांबले. लाल रेशमात नखाएवढी फट. एक फासा सुटला होता.

केदारी पांढराफटक पडला. "खोट असलेलं लुगडं देवीला चालत न्हाय. यमन्या, माझ्या बोटांनी घात केला रं. वैनीवर आलं तर?"

उसवून पुन्हा जोडायला वेळ नव्हता. यमनाप्पानं धोटा खाली ठेवला. तेवढ्यात अंथरुणातून आवाज आला.

"अवो, विणा तसंच. लोक आपलं दार टाळून पलीकडनं जात्यात, आन् ह्यो आत येऊन बसला. आईला ते दिसणार न्हाय व्हय?"

त्यानं धोटा पुन्हा उचलला. अष्टमीला लुगडं देवीच्या अंगावर चढलं. दसऱ्याला बायाक्का भिंत धरून उभी राहिली. आणि चौथ्या दिवशी केदारी गेला. त्याच तापानं.

नवस फिटला होता, तरी पुढच्या नवरात्रातही नवरा-बायको देवीच्या लुगड्याचा पदर जोडायला बसले. मागल्या साली फासा सुटला होता त्या जागेवर आल्यावर बायाक्काचा हात थांबला. यमनाप्पानं पुढं केलेला दोरा तिनं घेतला नाही. त्यानं तो दोरा मोकळा सोडून पुढचा दिला. मग दरसाल तसंच. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं.

शेहेचाळीस साली नवा पुजारी आला. पदर चाचपून म्हणाला, "आप्पा, नजर गेली काय तुमची? फट ऱ्हायलीय."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," बायाक्का म्हणाली. "ती जागा आमच्या केदारीभावजींची हाय."

आता टाळ उचला. पण आरती म्हणण्याआधी, बाबांनो, वडगावच्या केदारीची आठवण काढा. त्या सप्तमीला त्याचा मृदंग वाजला नव्हता.