घागरींचा नंबर

लातूर जिल्हा नवानवा होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. अहमदपूरजवळच्या एका शाळेत शिवकांताबाईंचा वेगळा वर्ग सुरू झाला, चार-चार वर्षं पहिलीतच बसलेल्या सात मुलांसाठी. हेडमास्तर भीमाशंकर गुरुजींना हे थेर पटलं नाही. त्यात बाई पोरांना रोज टँकरवर नेऊ लागल्या. बाई लेकरांकडून घरचं पाणी भरून घेतात, अशी गुरुजींची खात्रीच झाली. वर्ग बंद करा, असा अर्ज त्यांनी थेट लातूरला धाडला. दुसऱ्याचं वाकून पाहायची खोड जुनीच.

चौकशीला लातूरहून शिक्षण खात्याचे साहेब आले, ते नेमके टँकरच्या वेळेला. शाळेसमोर सकाळपासून घागरी नंबरला उभ्या होत्या. घागरींचे धनी सारे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. शेळ्यांनी अर्धी रांग विस्कटली होती. अकरा वर्षांची चांगुणा, जिला गुरुजींना दहापर्यंतही आकडे शिकवता आले नव्हते, एकेक घागर उचलून जागेवर ठेवत होती. बाकीची सहा मुलं बोटांवर मोजत होती.

"पाटीवरचा आकडा तिला कळत न्हाई, साहेब," बाई म्हणाल्या. "कुणाची घागर कितवी, ते कळतं. सहा महिन्यांत चाळीसपर्यंत आली."

साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी तिला पाठमोरी उभी केली आणि चार घागरी इकडच्या तिकडे केल्या. चांगुणा वळली, रांगेवरून बोट फिरवत गेली आणि चारही मुकाट्यानं जागच्या जागी आणल्या.

"यात बाईंची कोणती?"

"बाईची न्हाई. बाई नदीच्या झिऱ्यावर जातात."

"मग ही चौथी, पोचा आलेली?"

"गुरुजीची. लोकं हिला मागं ढकलून देतात. मी ठिवते परत."

गुरुजींची मान खाली गेली. हेडमास्तरांच्या घागरीला हात लावायची गावात कुणाची छाती आहे, अशा तोऱ्यात ते सहा महिने पाणी पीत होते. स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या बाईचं कौतुक वाटलं. आपल्याला चार वर्षांत जमलं नाही ते तिनं उन्हात उभं राहून केलं होतं.

"गुरुजी, या अर्जाचं काय करू?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी तो परत घेऊन खिशात घातला. मग आपली घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

चांगुणा मागोमाग गेली. तिनं घागर उचलून आणली आणि पुन्हा होती तिथंच ठेवली.

"तुमचा चौथा हाय, गुरुजी," ती म्हणाली.