ई-सहाचा कागद

जुलैमध्ये एक बुधवार असा येतो, की त्या दिवशी देशात कुठेच बेसबॉलचा मोठा सामना नसतो. त्या दुपारी रॉझच्या खानावळीत दोन टेबलं जोडली जातात आणि सध्या खेळणाऱ्यांपैकी हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाच्या, लायकीचं कोण, यावर तेरा माणसं घसा बसेपर्यंत भांडतात. खरी निवड खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी होते. "तोवर हार्लन कुठला थांबतोय!" असं रॉझ दरवर्षी म्हणायची आणि ब्याऐंशी वर्षांचा हार्लन बीम सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. नियम मात्र खऱ्या निवडीचेच. चिठ्ठीवर नावं लिहायची, पंचाहत्तर टक्के मतं पडली की बिअरच्या नळांवरच्या भिंतीवर त्या खेळाडूचा फोटो लागणार.

यंदाही दोन नावं फारशी खळखळ न होता पुढे गेली. मग टायरवाल्या डेनी फ्रायनं तळलेल्या माशाची ताटली बाजूला सारली आणि हात पुसले.

"आता आपला कोल्टन रीस. यावर वाद घालणाऱ्यानं आधी डॉक्टरला डोकं दाखवून यावं."

जोलीन व्रोबेलनं पेन्सिल खाली ठेवली. रीस पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या कुणालाही स्वतःच्या फटक्यावर बेस गाठू दिला नाही, एकही हिट दिली नाही, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागेवर तिचा धाकटा भाऊ टॅड उभा होता. आठव्या डावात एक चेंडू टॅडच्या हातमोज्याला लागून निसटला आणि बॅटर पहिल्या बेसला पोचला. ती हिट की टॅडची चूक, हे ठरवायचं काम अधिकृत स्कोअररचं. त्यानं चूक दिली, म्हणून नो-हिटर टिकला. त्या दिवशी बेसवर पोचलेला तो एकमेव बॅटर.

"तीन हजारांवर बळी," डेनी बोटांवर मोजत होता, "वर नो-हिटर. आणि जोलीन, तुझ्या भावाच्या हातात लोणी नसतं ना, तर परफेक्ट गेमच होता! सत्तावीसच्या सत्तावीस ओळीनं बाद! बिचाऱ्याचा इतिहास घालवला टॅडनं."

टेबल हसलं. हे दरवर्षीचंच होतं. स्कोअरच्या कागदावर चुकीला, म्हणजे एररला, 'ई' लिहितात आणि शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, म्हणून गावानं टॅडचं नावच 'ई-सहा' पाडलं होतं. कुणीतरी त्याच्या गाडीवर ते रंगवलंही होतं. त्या सामन्यानंतर चार दिवसांत त्याला खालच्या संघात पाठवलं आणि तो पुन्हा वर आला नाही. आता तो लोकांच्या तळघरातले बॉयलर दुरुस्त करायचा. लोक त्याला स्पॅनर देताना म्हणायचे, "नीट पकड रे, ई-सहा."

तो स्कोअरचा कागद हार्लनच्या हातचा. तीस वर्षं तो शहराच्या मैदानावर स्कोअरर होता. त्यानं रॉझला भेट दिलेला तो कागद समोरच्याच भिंतीवर काचेत होता.

"हार्लन," जोलीन म्हणाली, "तो चेंडू कसा होता, तुम्ही सांगा."

"सोड ना, जोलीन. मासा गार होतोय."

"मग मी सांगते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, मोजण्याचाच पगार घेते. चित्रफितीची एकेक चौकट मोजलीय मी. चेंडू बॅटवरून निघाला आणि हातमोज्याला लागला, यात सव्वा सेकंदही गेला नाही. तेवढ्यात टॅड आठ फूट डावीकडे झेपावला. नियमात शब्द काय आहेत?"

हार्लन काटा ताटलीत फिरवत राहिला.

"साधारण प्रयत्न," तोच शेवटी म्हणाला. "साधारण प्रयत्नानं अडवता आला असता, तर चूक."

"आडवं होऊन हवेत उडणं साधारण असतं का, हार्लन?"

"अगं, आठवा डाव होता!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "नो-हिटर मोडणारी पहिली हिट स्वच्छ हवी, शंकेला जागा नको. आम्हाला जुन्या लोकांनी हेच शिकवलं. मी एकट्यानं नाही केलं ते, सगळेच करतात!"

"निर्णय बदलायला चोवीस तास होते तुमच्याकडे."

"टॅडनं अर्ज का नाही केला मग? खेळाडूला करता येतो."

जोलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपल्याच पिचरचा नो-हिटर मोडा, असा अर्ज? त्याच खोलीत कपडे बदलायचे होते त्याला!"

आता कुणी हसलं नाही. रॉझनं गुपचूप चिठ्ठ्यांची टोपी फिरवली.

तिनंच मोजणी केली. रीसचं नाव नऊ चिठ्ठ्यांवर होतं, तिघांनी त्याच्याऐवजी दुसरीच नावं लिहिली होती आणि एक चिठ्ठी साफ कोरी निघाली.

"कोरी फेकून दे," डेनी म्हणाला. "बारांत नऊ. पंचाहत्तर टक्के. हातोडी आण."

"कोरी चिठ्ठीही मत म्हणून धरतात," रॉझ म्हणाली. "खरा नियम तोच आहे. तेरांत नऊ. एकोणसत्तर."

"कुणाची आहे ती?" डेनीनं टेबलावर मूठ आपटली. "जोलीन, तुझीच!"

"माझ्या चिठ्ठीवर रीसचं नाव आहे," जोलीन म्हणाली. "अक्षर बघ. तीन हजार बळी मलाही मोजता येतात. त्याच्याशी माझं भांडण कधीच नव्हतं."

हार्लननं घसा खाकरला.

"माझी आहे ती. मला यात पडायचं नव्हतं, म्हणून काही लिहिलं नाही. कोरीमुळे कुणाचं काय बिघडतं, असं वाटलं."

रीस हरला, याचा आनंद जोलीननं स्वतःत शोधून पाहिला. तो नव्हता. हा माणूस तेव्हाही गप्प बसून टॅडचं घेऊन रीसला देऊन मोकळा झाला होता आणि आज रीसचंही तसंच घेतलं. वर म्हणतो, काय बिघडतं!

ती उठली. खुर्ची मागं पडली, ती तिनं उचलली नाही. भिंतीवरची चौकट काढून मागचे खिळे वाकवले, कागद सोडवला आणि हार्लनच्या ताटलीशेजारी ठेवला. आठव्या डावाचा चौकोन. त्यात सुबक, तिरप्या अक्षरात ई-सहा.

"बदला."

"लीगच्या वहीत आता काही होत नाही, पोरी."

"माहीत आहे. इथं बदला. या भिंतीकडे बघूनच हे लोक माझ्या भावाला हसतात."

"ए, मग नो-हिटरच जाईल!" डेनी ओरडला. "एका हिटचा साधा सामना उरेल तो!"

"तेवढाच होता तो, डेनी. गप्प बस."

हार्लननं खिशातलं पेन काढलं. अशा कामात तो अजून नेमका होता. ई-सहावर एकच सरळ रेघ मारून त्यानं बाजूला एका बेसच्या हिटची खूण केली. मग त्यानं टोपण लावलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"सही," जोलीन म्हणाली.

त्यानं टोपण पुन्हा काढलं. सही केली.

"तारीख."

"त्या सामन्याची?"

"नाही. चोवीस तासांत झालं असतं, तर ती घातली असती." तिनं कागदावर बोट ठेवलं. "आजची घाला. वर्षासकट."