चौथं पान

योजना आज पाच वाजता बंद होणार होती, आणि डिम्फना आजीच्या अर्जावर अजून साक्षीदाराची सही नव्हती. लहानपणी नन्सच्या धुलाईघरात कोंडून राबवलेल्या मुलींना सरकार भरपाई देत होतं, पण ते सगळं लिहायला बसायचीच आजीची हिंमत कालपर्यंत झाली नव्हती. आता पोलीस चौकी बंद, डॉक्टर सुट्टीवर. सही-शिक्क्याचा अधिकार असलेला गावात एकच उरला होता, गिलहूली म्हातारा.

"मग चल की!" नात क्लिओना म्हणाली. सोळा वर्षांची पोर, पायाला भिंगरी! आजी मात्र कोटाची बटणं लावतच राहिली.

दार वाजवायच्या आधीच उघडलं. "ये पोरी," गिलहूली म्हणाला.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीला पोरी! क्लिओनाला हसू फुटणार, तोच आजीने तिचं मनगट असं आवळलं की हसू घशातच विरलं.

चहा आला. मग चष्मा सापडेना. मग शिक्का सापडेना.

"घाई कसली? पळायची खोड जुनीच म्हणा तुझी."

"आजोबा, वाचायचं नसतं. नुसती सही करायची," क्लिओना म्हणाली.

"नात तुझ्यावरच गेलीय गं, जिभेने." त्याने चष्मा काढला, स्वतःच्याच खिशातून! अर्जाच्या चौथ्या पानावर बोट थांबलं. "'पळालेल्या मुलींना गाडीत कोंबून परत नेणारा...'" पुढे त्याचंच नाव होतं. ते त्याने वाचलं नाही. पान सावकाश सुटं करून बशीखाली सारलं. "हे इथे राहू दे. बाकीच्यावर आत्ता मारतो शिक्का. वीस मिनिटं उरलीत, पोरी."

"आजी, राहू दे ना ते! अर्ज बाद होईल!"

आजीने बशी उचलली, पान परत अर्जात घातलं आणि अर्ज घेऊन चालू लागली.

"सहीशिवाय परत पाठवतील गं!" क्लिओना मागे धावत ओरडली.

"पाठवू देत. त्यासाठी कुणाला तरी पाकीट उघडून वाचावंच लागेल."

पोस्टात शिरल्या तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती, आणि काउंटरवरचा फोन वाजत होता. पोस्टातल्या बाईंनी तो खांद्याशी दाबून धरला. "हो, गिलहूलीसाहेब. आल्यात. दोघी." बाईंची नजर आजीच्या हातातल्या पाकिटावर.

"आधी पोस्टाचा शिक्का, पाचच्या आतला!" क्लिओनाने काउंटरवर हात आपटला.

बाईंनी पाकीट घेऊन तारीख-वेळेचा शिक्का मारला. पाकीट मात्र टपालाच्या पिशवीत न टाकता हातातच ठेवलं, फोन ऐकत.

"पिशवीत टाक, बाई," आजी म्हणाली. "मी इथेच उभी आहे."