पप्पांची आयुर्वेदिक गोळी

चेलनाच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं, तेव्हा सासरच्यांनी आधी गुलाबपाणी घातलं, मग नजर उतरवली, आणि मगच तिला धुळ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डोळ्याच्या पडद्यावर एका सूक्ष्म परजीवीनं घर केलंय, असं निघालं. "न धुतलेल्या भाजीतून येतो, मांजरानं घाण केलेल्या मातीतून येतो, पाण्यातून येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धकच्च्या मांसातूनही येतो."

एवढ्या सगळ्यातून सासूबाईंनी, सज्जनबाईंनी, नेमका मांस हा शब्द उचलला. ज्या जैन घरात पाणी उकळून गाळून पितात आणि सूर्य मावळल्यावर कुणी घास घेत नाही, तिथं हा शब्द! त्यांनी चेलनाची ताट-वाटी वेगळी काढली. नवरा दुकानातून आला आणि हळूच विचारता झाला, "शिरपूरला हॉस्टेलवर असताना, मैत्रिणींबरोबर, कधी चुकून...?"

चुकून म्हणे! गेल्या पर्युषणात आठ दिवस निव्वळ पाण्यावर काढलेल्या बायकोला हा माणूस हे विचारत होता. चेलनाला त्याचा इतका संताप आला की रडूही फुटेना.

पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली. "हा आत शिरला कधी?" तिनं विचारलं.

"कदाचित लहानपणीच. आपल्या अंगात भक्षक पेशी असतात, त्या याला गिळतात. पण हा लबाड गिळल्यावरही मरत नाही, पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. मग टी-पेशी इंटरफेरॉन नावाचा निरोप धाडतात. तो पोचला की भक्षक पेशी चवताळते आणि पोटातल्या पाहुण्याला तिथंच संपवते. उरलेसुरले कोष करून झोपतात, आणि निरोप येत राहिले तर झोपूनच राहतात." डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोल गरगरीत चेहऱ्याकडे आणि दंडावरच्या जांभळ्या डागांकडे निरखून पाहिलं. "तुमचे निरोप कुणीतरी दाबलेत. स्टेरॉइड घेता का?"

"छे. दम्यासाठी वडिलांची आयुर्वेदिक गोळी घेते, तेवढीच."

दम्याचं सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाआधीपासून पप्पा ती गोळी बिनलेबलाच्या बाटलीत भरून देत. ताकदीची आहे म्हणून सांग, असं त्यांनीच शिकवलेलं. गोळी सुरू झाल्यावर धाप थांबली, गाल भरले. बींदणीला, म्हणजे सुनेला, आमच्याकडचं अन्न मानवलं, असं सज्जनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या.

बाटलीतल्या गोळ्या आणि चेलनाचं रक्त तपासून झालं. गोळीत भरपूर स्टेरॉइड निघालं. "एकदम बंद करू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी डोस हळूहळू उतरवते. बरोबर परजीवीचं औषधही सुरू करू. किती नजर वाचेल, ते आज सांगता येत नाही."

दवाखान्याच्या पायरीवरून तिनं पाचोऱ्याला फोन लावला. पप्पांचं, म्हणजे दलिचंदभाऊंचं, तिथं औषधांचं दुकान. पप्पांनाही कुणीतरी गंडवलं असणार, अशी तिला खात्रीच होती. खरं तर खात्री कसली, ती आशाच होती.

"पप्पा, त्या गोळीत स्टेरॉइड निघालं. तुम्हाला कुणी फसवून दिली का?"

पलीकडे गिऱ्हाईक असावं. "जेवीसन ल्या आबा, बठ्ठं बरं व्हई जाई," जेवून घ्या, सगळं बरं होईल, असं त्याला अहिराणीत सांगणारा पप्पांचा तोच मायाळू आवाज. मग तिला म्हणाले, "मला कोण फसवणार, बेटा? माहीत होतं मला. पण दम्याचं कळलं असतं, तर तुझी सोयरीक जुळली असती का?"

"माझा डोळा जाईल, पप्पा. आणि घरात वाटतंय की मी मांस खाल्लं."

तिला वाटलं, आता म्हणतील, मी येतो आणि सगळं सांगतो.

"वाटू दे," ते म्हणाले. "महाराजसाहेबांकडे जा, चूक झाली म्हण, प्रायश्चित्त घे. लोक विसरतात. दम्याचं मात्र चकार शब्द काढू नको. पलकचं जळगावला जमत आलंय."

फरशीवरची मुंगी चिमटीत न धरता कागदावर घ्यायला याच माणसानं तिला शिकवलं होतं. आणि आता तोच माणूस, तिनं न खाल्लेलं मांस कबूल कर, म्हणून सांगत होता. मग एकदम तिला धाकट्या पलकची धाप आठवली.

"पलकलाही तीच गोळी देता?"

"तिला आता अजिबात धाप लागत नाही," पप्पा समाधानानं म्हणाले.

"मी आज घरी सगळं सांगणार आहे."

"पलकचं मोडलं, तर ते तुझ्यामुळे मोडेल."

तिनं फोन कापला आणि तिथूनच धाकट्या बहिणीला लावला. "पलक, तुझी ती बाटली घे आणि धुळ्याला ये. गोळी मनानं बंद करू नको, पण आजच ये. तिच्यात स्टेरॉइड आहे."

"काहीतरीच काय, ताई!" पलक हसली. "आयुर्वेदिक आहे ती. पप्पांनी स्वतः सांगितलंय."

"मलाही त्यांनीच सांगितलं होतं," चेलना म्हणाली.