दहापैकी तीन

इमर्जन्सीच्या हॉलमध्ये खुर्च्या चोवीस होत्या. त्यांतल्या दोन मोडक्या, एकीवर कुणाची तरी पिशवी. उरलेल्या एकवीस खुर्च्यांवर माणसं तेवीस, मांडीवरची दोन मुलं धरून. पंखे चार, फिरत होते तीन. डॉक्टर एक. शिवायला बसण्याआधी बटणं मोजून घ्यावीत तसं तिनं हे सगळं दोनदा मोजलं. मोजलं नसतं तर ती पुन्हा खिडकीपाशी गेली असती आणि तोंडून भलतंच काहीतरी निघालं असतं.

"अगं, बैस की," शेजारच्या खुर्चीवरून नवरा म्हणाला. "उभं राहून नंबर लवकर येत नाही."

"बसू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

तो हसला आणि लगेच पोट धरून वाकला.

सगळा घोळ त्या एका आकड्यानं केला होता. आल्या आल्या खिडकीतल्या नर्सनं मान वर न करता विचारलं होतं, "दहापैकी किती दुखतंय, काका? एक म्हणजे किरकोळ, दहा म्हणजे सहनच होत नाही."

कालपासून गुडघे पोटाशी घेऊन पडलेला आणि टॅक्सीतून उतरताच गटाराशी ओकलेला हा माणूस क्षणभर विचार करून म्हणाला, "तीन."

"तीन?" ती किंचाळलीच. "अहो, रात्रभर उशी चावत होतात!"

"दहा म्हणजे मरणाऱ्याचं. मी काय मरतोय?"

नर्सनं त्याच्या हातात हिरवी चिठ्ठी ठेवली. लाल आधी, मग पिवळी, हिरवी सगळ्यांत शेवटी.

तो जन्मभर बसवर कंडक्टर होता. ओरडणाऱ्याला सीट द्यायची नाही, हा त्याचा नियम. गप्प उभं राहणाऱ्याला तो गर्दीतून हुडकून बसवायचा. घरीही तेच. निवृत्तीच्या दिवशीच्या फोटोत तो इतका कडेला सरकला होता की आला फक्त एक खांदा. तो फोटो तिनं तरीही चौकटीत लावला होता, आणि पुसताना दर वेळी त्याला चार शब्द सुनावले होते.

इथे गप्प बसणाऱ्याला हुडकणारं कुणी नव्हतं. घोटा मुरगळलेला एक धिप्पाड गडी "मेलो, मेलो" करत त्यांच्यानंतर आला आणि त्यांच्या आधी आत गेला.

न राहवून ती खिडकीपाशी गेलीच.

"ताई, ह्यांचं नऊ करा."

"मावशी, पेशंटनं सांगितलेला आकडा आहे तो. मी कसा बदलू?"

"ते खोटं बोलतात. सवय आहे त्यांना."

"आत एकच डॉक्टर आहेत. मी सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नाहीये."

"मग आधी पाणी प्या आणि मग नऊ करा. नाहीतर एकदा बाहेर येऊन बघा तरी त्यांच्याकडे!"

"नंबर आला की बघणारच आहेत ना."

ती परत आली तेव्हा नवरा ताठ बसला होता. चेहऱ्यावरची आवळलेली रेघ सैल पडली होती.

"थांबलं गं."

"काय?"

"दुखायचं. एकदम हलकं वाटतंय. उगाच आणलंस बघ मला."

तिचा सगळा राग एका श्वासात ओसरला. डोळे पुसायला तिनं रुमाल काढला, तेवढ्यात तो भिंतीला धरत खिडकीपर्यंत पोहोचलाही. "बाई, माझं आता एक झालंय. दुसऱ्या कुणाला घ्या पुढे."

"सगळे असे असते तर!" नर्स पहिल्यांदाच हसली. तिनं त्याचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

परतताना तो दोनदा थांबला. बसला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तिनं हात हातात घेतला. गार. नखं निळसर.

मग ती ओरडली. शब्द कसले, नुसता आवाज. मांडीवरची दोन्ही मुलं रडायला लागली, आणि डॉक्टर बाहेर आले.

त्यांनी पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

"दुखायचं कधी थांबलं?"

"आत्ताच, थोड्या वेळापूर्वी."

"अपेंडिक्स फुटलंय. फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं." ते वळून कुणाला तरी स्ट्रेचर आणायला ओरडले आणि पुन्हा तिच्याकडे बघत म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का?"

तिनं खिडकीकडे बघितलं. नर्सनं खाली.

स्ट्रेचरचं एक चाक अडत होतं. दाराशी माणसांची दाटी झाली होती. आडवा पडलेला तो क्षीण आवाजात म्हणाला, "पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि माणसं खरंच सरकली.

आत दुसरी नर्स नवा कागद घेऊन उभी होती. "काका, दहापैकी किती दुखतंय?"

त्यानं मान वळवली. त्याची नजर बायकोला शोधत राहिली, मग सापडली.

"हिला विचारा."

नर्सनं तिच्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं.

"नऊ," ती म्हणाली.

नर्सनं लिहून घेतलं. मग त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, थांबला, सैल पडला.

वरचा आकडा सत्तर, खालचा चाळीस.