वाळूवरची रिकामी जागा

बाळांनो, जरा कल्पना करा. तुमचं गाव इतकं चिंचोळं आहे, की एका काठावरून जोरात भिरकावलेला दगड दुसऱ्या काठाच्या पाण्यात पडेल. एकीकडे आतलं शांत पाणी, दुसरीकडे बाहेरचा मोठा समुद्र, मध्ये तुमचं घर. घराला भिंती नाहीत, नुसत्या चटया सोडलेल्या. भर दुपार आहे. सगळे झोपलेत. आणि बाहेर पांढऱ्या खड्यांवर कुणाची तरी ओली पावलं वाजतायत. चपक्, चपक्. ती तुमच्याच चटईपाशी येऊन थांबतात.

"माझा वाटा?" कुणीतरी विचारतं.

लेपेकाने ते ऐकलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. आई दचकून उठली आणि गावात सगळे द्यायचे तेच उत्तर तिने दिलं, "इथे तुझा वाटा नाही. जा!"

पावलं गेली. पण शेजारी झोपलेला लेपेकाचा धाकटा भाऊ सेमू त्यानंतर उठलाच नाही. श्वास चालू होता. तळपाय मात्र गार आणि ओले. आई पुसायची, ते पुन्हा ओले व्हायचे, आणि त्यांना खाऱ्या पाण्याचा वास यायचा.

असं झोपलेलं हे गावातलं तिसरं पोर. पहिल्याचा श्वास आता इतका मंद झाला होता, की त्याची आई, फिलोमेनामावशी, त्याच्या नाकाशी पीस धरून बसायची. ते हललं की तिला हायसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी होड्या कुपा मासे घेऊन परतल्या. शंख वाजला. मासे कुणाच्याही होडीत आलेले असोत, ते सगळ्या गावाचे. इओआने आजोबांनी ते वाळूवर पसरले आणि घरटी वाटे घालायला सुरुवात केली. तान्ह्या पोरालाही तुकडा, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यालाही तुकडा. मग ते एकेका घराचं नाव पुकारायचे आणि त्या घरच्या पोराने "आलो!" म्हणून टोपली उचलायची. मोठ्यांनी वाट्याला हात लावायचा नाही. कुणी "आलो" म्हटलं नाही, तर वाटा तिथेच पडून राहायचा.

आज मात्र पुकारा होईना. गावची जाणती माणसं खाली मान घालून उभी होती.

"तो वाटा मागतोय ना?" त्यांच्यातला एकजण म्हणाला. "मग देऊन टाकू. झोपलेल्या तीन पोरांचे वाटे त्याला देऊ. नाहीतरी ती कुठे खातायत?"

"वा रे शहाणा!" फिलोमेनामावशी उसळली. "तू रोज ताडासारखा पसरून घोरतोस, तेव्हा तुझा वाटा कुणी काढला होता का रे?"

तरी आजोबांचा हात सेमूच्या तुकड्याकडे गेला. वाटा गेला म्हणजे मोजणीतून माणूस गेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ती आजोबांच्या हाताकडे बघत राहिली. तो हात तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून ती टोपली घेऊन याच वाळूवर यायची. सगळे वाटे घालून झाले, की आजोबांचा हात दरवेळी शेवटच्या वाट्याच्या पलीकडे जायचा, रिकाम्या वाळूवर क्षणभर थांबायचा आणि मागे यायचा.

"आजोबा," ती म्हणाली, "तिथे कुणाचा वाटा असायचा?"

"कुठे गं?"

"जिथे तुमचा हात थांबतो तिथे."

आजोबा मटकन खाली बसले.

"तावीताचा," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्याची होडी परत आली नाही. माणूस गेला असं गाव ठरवेपर्यंत त्याचा वाटा घालायचा असतो. नवव्या दिवशी मासे कमी आले. मीच म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. मग दुसऱ्या दिवशी घालायला लाज वाटली. त्याची आई तेवढी इथे टोपली घेऊन बसायची. पुढे तीही वारली."

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं. आतल्या पाण्यातून ओली पावलं वर येत होती. नुसती पावलं, वर माणूस नाही. भर उन्हात ती वाळूवर एकेक करून उमटली, लोक धडपडत मागे सरकले, आणि ती बरोबर त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबली. सगळीकडे कुजलेल्या शेवाळाचा दर्प पसरला.

"माझा वाटा?"

लेपेकाने आपल्या घरचा वाटा दोन्ही हातांनी उचलला आणि मोकळ्या वाळूवर नेऊन टाकला.

"पुन्हा घाला, आजोबा. सगळ्यांचं थोडं थोडं कमी होईल. होऊ दे."

"अगं, घातलेला वाटा मोडत नाहीत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि पोरं मोडतात काय?" फिलोमेनामावशी म्हणाली. वाट्याला मोठ्यांनी हात लावायचा नाही, हे विसरून तिने आपला वाटा लेपेकाच्या माशांवर नेऊन टाकला. मग दुसऱ्याने टाकला, मग तिसऱ्याने.

आजोबांनी पहिल्यापासून वाटे घातले. शेवटी त्यांचा हात त्या जागी गेला आणि या वेळी त्याने डोक्याकडचा चांगला तुकडा खाली ठेवला.

"तावीता!" त्यांनी पुकारलं.

"आलो" म्हणायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं. पावलं जिथल्या तिथे होती. त्यांच्याभोवतीची वाळू हळूहळू भिजत चालली.

"आले!" लेपेका म्हणाली.

तिने तो तुकडा आपल्या टोपलीत घातला, टोपली उचलली आणि पाण्याकडे चालू लागली. पावलं तिच्या शेजारून निघाली, चपक्, चपक्. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा टोपली एकदम हलकी झाली. दुसऱ्या बाजूने कुणीतरी ती धरली होती.

"उशीर झाला," लेपेका हळूच म्हणाली. "रागावू नकोस."

मागे गावातून एक बारका, चिडका आवाज आला. "आई! भूक!"

सेमू!

लेपेकाला तिथल्या तिथे मागे वळून धावत सुटावंसं वाटलं. पण तिने आधी टोपली सावकाश, एक थेंबही न उडवता, पाण्यात ठेवली. आपला हात काढून घेतला. मग धावली.